कडी लावून बोलायची लाइन

उपकेंद्रात हजर झाले त्या दिवशी गावाने मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "शिस्टर, तुमच्या आतल्या खोलीला आतून कडी लागती का?"

विचारणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. अंगात विटलेला खाकी शर्ट, कमरेच्या पट्ट्याला पक्कड, खांद्यावर जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर लटकवलेला आणि त्या रिसीव्हरच्या वायरीला दोन चिमटे. मी परळीची. वीजकेंद्राच्या राखेच्या धुरळ्यात आणि तीन भावांच्या घरात वाढलेली, त्यामुळे माझी जीभ आधी धावते आणि डोकं मागून पोचतं. "कडीचं तुम्हाला काय करायचंय?" असं मी ओरडले की लस टोचायला आणलेलं एक बाळ सुई लागायच्या आधीच रडायला लागलं. गृहस्थ बिलकुल चिडले नाहीत. आत गेले, कडी तीन वेळा लावली, तीन वेळा काढली, "ढिली हाय," असं स्वतःशीच म्हणाले, खिशातून पेचकस काढून स्क्रू आवळले आणि निघून गेले.

"त्यांचं मनावर घेऊ नका," आमच्या आशाताई म्हणाल्या. "लाइनमन हायेत ते. टेलिफोनात व्हते. रिटायर झाले, पर लाइन काय सुटंना."

सगळं गाव त्यांना लाइनमन म्हणायचं. मी पुढे आबा म्हणायला लागले. त्या गावात मी चार वर्षं काढली. आता बदली होऊन मोठ्या दवाखान्यात आहे. इथे टेबलाटेबलाला नेट आहे, आणि ते कुठून येतं हे कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. मी मात्र सकाळी आल्या आल्या कोपऱ्यातल्या नेटच्या डब्याचा दिवा बघते. हिरवा असला की पर्स ठेवते. बरोबरच्या पोरी हसतात. गेल्या वर्षी आबा गेल्याचं मावशींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फोनवर कळवलं. त्यानंतर बरेच दिवस मी तो दिवा बघायचं टाळत होते.

गाव दिंद्रुडहून आत, दोन बरड टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी. मोबाइलची रेंज साऱ्या गावात एकाच ठिकाणी यायची, मारुतीच्या पारावर, तीही दुसऱ्या पायरीवर उभं राहिलं तर. त्यामुळे गावाचं सगळं खाजगी बोलणं त्या पायरीवर चालायचं. कुणाची सून नांदत नाही, कुणाला मूळव्याध झालीय, कुणाच्या पोराला मुलगी नाही म्हणाली, हे पारावर बसलेल्या दहा जणांना घरच्यांच्या आधी कळायचं. बाया काही त्या पायरीवर चढायच्या नाहीत. बाईला माहेरी बोलायचं असलं की नवरा फोन घेऊन जायचा, बोलायचा आणि परत येऊन निरोप सांगायचा. "काय म्हनली आई?" "बरी हाय म्हनली." संपलं बोलणं.

आबांना मोबाइल या वस्तूचाच राग होता. त्यांनी स्वतः कधी घेतला नाही. "हवेवर बोलायचं म्हंजी काय?" ते म्हणायचे. "हवेत धुरळा हाय. धुरळ्यावर कुनी इस्वास ठिवतं का? लाइन जमिनीतून यायला पायजे. भिंतीतून खोलीत. आन् खोलीला कडी पायजे."

या कडीच्या वेडामागचं कारण मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. एका दुपारी दवाखाना रिकामा होता. आबा रिसीव्हरचे चिमटे पुसत बसले होते. नेटच्या नव्या काचेच्या तारेला, म्हणजे फायबरला, ते चिमटे लावून काही उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी रोज पुसायचे.

"ह्यो असा खांबावर चडून तारेला लावला की समद्या गावाचं बोलनं ऐकू येतंय," ते म्हणाले. "पर लाइनमननं कान ठिवायचा नसतोय. हॅलो टेस्टिंग म्हनायचं, वाजली का बघायचं, उतरायचं. तीस वर्सांत म्या एकदाच ऐकलं शिस्टर. चुकून. एक बाई आईला फोन करत व्हती, दुकानातल्या डब्यावरून. आई इचारती, कावून रडती? बाई म्हनती, न्हाई रडत, सर्दी हाय. आई म्हनती, मारलं का? ही म्हनती, सर्दी हाय म्हनलं ना. आन् मागून दुकानदाराचा आवाज. समद्या दुकानाचा आवाज. तिला बोलताच येईना. म्या खांबावर बसलेलो, खाली उतराया इसरलो."

एवढं सांगून ते पुन्हा चिमटे पुसायला लागले. मी चहा टाकला.

तर नेट. सरकारची काचेची तार ग्रामपंचायतीपर्यंत येऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे उद्घाटन झालं होतं, नारळ फुटला होता, फोटो निघाले होते, आणि मग तारेच्या टोकाचा डबा लोखंडी कपाटात बंद झाला होता. कपाटाची चावी ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवकाकडे तीन गावं. डबा आत अंधारात हिरवा दिवा लावून एकटाच बसलेला असायचा. आबांचं म्हणणं, ही तार उपकेंद्रात आणा. तिथे खोली आहे, कडी आहे आणि बाया तिथे आपल्या पायाने येतात.

ग्रामसभा भरली तेव्हा सरपंचाला वेशीवर स्वागत कमान बांधायची होती. सिमेंटची, वर दोन सिंह. आबा उठले. सरपंच त्यांच्या मांडीवर खेळलेला, त्यामुळे आबांनी भिडभाड ठेवली नाही.

"कमानीतून डॉक्टर येनार हाय का बे?"

"आबा, कमानीनं गावाची इज्जत वाढती."

"इज्जत? तुज्या आईला बीपी तपासाया माजलगावला न्यावं लागतंय. जीपमदी बकऱ्यासंगं. ती इज्जत का? लाइन आली की डॉक्टर खोलीत येतोय. बसल्या जागी. रस्त्यानं मानूस जातोय, लाइनीनं मानसाचं काम जातंय. दोन्ही पायजे. सिंहाचं काय करायचं?"

सभा हसली. सरपंचाची आई बायांच्या रांगेत बसली होती, ती सगळ्यांत मोठ्याने हसली. कमान पुढच्या वर्षावर गेली. चावडीतल्या ग्रामपंचायतीपासून उपकेंद्रापर्यंत चर खणायला मजूर आले तेव्हा आबा स्वतः कुदळ घेऊन त्यांच्यात. चर किती खोल हे ते कुदळीच्या दांड्याने मोजायचे आणि चार बोटं कमी भरली तरी पुन्हा खणायला लावायचे. वर ओळीने दगड मांडून त्यांना चुना फासला. जेसीबीवाल्याने चुकूनही दात घालू नये म्हणून.

मग आबांची फजिती झाली. ती सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी त्यांना देव्हाऱ्यात बसवतेय असं वाटेल.

तांब्याच्या तारेचं जोडकाम म्हणजे आधी टोक पात्याने खरवडायचं. काळं गेलं, तांबं चमकलं की पीळ द्यायचा. तीस वर्षांची हाताची सवय. तार जोडायला आलेली कंपनीची पोरं जेवायला बसली होती. आबांना वाटलं, तेवढ्यात टोक तयार करून ठेवावं. त्यांनी काचेची तार घेतली आणि पात्याने खरवडायला सुरुवात केली. कडकन तुटली. त्यांना वाटलं, किडकी होती. दुसरी घेतली. तीही तुटली. पोरं परत आली तेव्हा जमिनीवर केसासारखे तुकडे आणि आबा हातात पातं घेऊन बसलेले.

"अहो आबा! काच हाय ती, काच! खरवडताय काय वांग्यासारकी?"

पोरं खोखो हसली. आशाताई हसल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू. आबा उठले, पातं मिटून खिशात ठेवलं आणि गेले. दोन दिवस उपकेंद्राकडे फिरकले नाहीत. मला वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी कळलं, ते त्याच पोरांच्या टेम्पोत बसून दिंद्रुडला गेलते. आठवडाभर रोज गेले. ती पोरं यंत्रावर तारा जोडायची, हे शेजारी पालथ्या बादलीवर बसून बघायचे. त्यांना डबा न्यायचे, मावशींच्या हातची शेंगदाण्याची चटणी खाऊ घालायचे आणि त्या बदल्यात एकेक गोष्ट विचारून घ्यायचे. परत आले तेव्हा चष्म्याच्या डबीत बोटभर काचेची तार होती. शाळेत जाऊन त्यांनी टॉर्चचा उजेड तिच्या एका टोकातून घालून दुसऱ्या टोकातून काढून दाखवला. "तांब्यातून करंट जायचा," ते पोरांना म्हणाले, "ह्याच्यातून उजेड जातोय. म्या बी आत्ताच शिकलोय."

ज्या माणसाने तीस वर्षं एक काम केलं, त्याने साठीनंतर ते चुकीचं आहे असं ऐकून घ्यावं आणि पालथ्या बादलीवर बसून पुन्हा शिकावं, याचं मला तेव्हा नुसतं कौतुक वाटलं होतं. आता स्वतःला नवीन काही शिकायची वेळ आली की कळतं, केवढी गोष्ट होती ती.

लाइन आली. तिचा दुसरा डबा आतल्या खोलीत, कडीच्या दाराआड, भिंतीवर. रोज सकाळी आठला आबा दारात हजर. लोक "बरं हाय का?" विचारतात, हे विचारायचे, "हिरवा हाय का?" मी हो म्हटलं की तसेच परत. खोलीत पाऊल टाकायचे नाहीत.

दर गुरुवारी दहा ते दोन जिल्ह्याच्या ठिकाणच्या बायांच्या डॉक्टर खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बसायच्या. पहिल्या महिन्यात कुणी आलं नाही. पेटीतल्या बाईशी काय बोलायचं? मग एक आली, तिने दुसरीला सांगितलं. एरवी मला "पोटात दुखतंय" एवढंच सांगणाऱ्या बाया कडी लावली की पडद्याकडे बघत सगळं सांगायच्या. मी समोर बसलेली असायचे आणि मनात म्हणायचे, अगं, हे मला कधी सांगितलं नाहीस ते!

ऊसतोडीला अर्धं गाव गेलं की आबांचा रविवार असायचा. मागे राहिलेली म्हातारी माणसं एकेक करून खोलीत यायची आणि कर्नाटकातल्या फडावरचा मुलगा-सून बघायची. प्रत्येकाला पाच मिनिटं. आबा बाहेर घड्याळ लावून बसलेले. एकदा एक म्हातारा पाच मिनिटांत एक शब्द बोलला नाही, नुसता मुलाकडे बघत राहिला. वेळ संपली म्हणून मी आबांना खूण केली. त्यांनी घड्याळाला चावी द्यायला सुरुवात केली आणि म्हणाले, "बंद पडलंय जनू. बसू दे अजून."

आता त्या दसऱ्याचं सांगते.

आबांना एकुलती लेक, सुरेखा. उमापूरकडे दिलेली. नवरा-बायको दोघं ऊस तोडायला जायचे, पदरात दोन मुलं, वय तिशीच्या आतलं. तिला बरेच दिवस अंगावरून पांढरं जात होतं, कंबर धरायची. तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरने सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. आमच्या भागात हे वाक्य इतकं ऐकलेलं आहे की कुणी दचकत नाही. सुरेखाच्या सासूची काढलेली, जावेची काढलेली. फडावर पाळीची कटकट नको, असंही बायाच एकमेकींना सांगतात. ऊसतोडीची टोळी निघायच्या आत बाई उठून उभी राहायला हवी, म्हणून ऑपरेशनचा दिवस ठरला होता दसऱ्यानंतरचा शुक्रवार.

आदल्या रविवारी आबा माझ्याकडे आले. पहिल्यांदाच हिरव्या दिव्याचं विचारायला विसरले.

"शिस्टर, खरंच काढाया लागती का?"

"मी डॉक्टर नाही आबा. पण एवढ्या लहान वयात, न तपासता? गुरुवारच्या मॅडमना दाखवल्याशिवाय हात लावू देऊ नका."

जावई तसा समजूतदार होता. तो म्हणाला, "गुरुवारी बघू. मॅडम नगं म्हनल्या तर न्हाई काढायची. भेटल्या न्हाईत तर शुक्रवारी दवाखान्यात जायचं. मंग परत टोळीला थांबता येत न्हाई."

मी सणाला परळीला गेले आणि उपकेंद्राची चावी आबांकडे ठेवली. दुसरा कोण होता इतका भरवशाचा?

गुरुवारी सकाळी परत आले तर उपकेंद्राच्या दाराला झेंडूचं तोरण. आत डब्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं, वर एक फूल. आणि दिवा लाल.

दहाला सुरेखा आली. बरोबर नवरा आणि मावशी. आबांनी लाल दिवा बघितला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मीच त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. चरावरून दगड दगड बघत चावडीपर्यंत गेले, कुठे कुणी खणलंय का ते. कुठेच नाही. ग्रामपंचायतीतला डबा हिरवा. म्हणजे दोष मधेच कुठेतरी. मी पारावर पळत जाऊन तक्रार नोंदवली. शनिवारी माणूस येईल, असं उत्तर मिळालं.

"मंग पारावरूनच व्हिडिओ लावू की," जावई म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला. सुरेखा नुसती खाली बघत राहिली. पारावर तेव्हा सणाची सुट्टी म्हणून पंधरा-वीस जण पत्ते खेळत होते.

साडेबारा झाले. आबा दुसऱ्यांदा चर बघून आले आणि डब्यासमोर जमिनीवर बसले.

"शिस्टर, ह्याला कुनी हात लावला का?"

"चावी तुमच्याकडे होती आबा," मी म्हणाले. ताडकन म्हणाले. म्हणजे माझी जीभ म्हणाली. लगेच वाटलं, कशाला बोलले.

आबा डब्यावरच्या कुंकवाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्या केलं."

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्यांच्या एक्सचेंजमध्ये तीस वर्षं त्यांनीच केलेली. प्रत्येक यंत्राला, प्रत्येक पक्कडीला हळदकुंकू. तांब्याला त्याचं काही वावडं नाही. परवा ते पूजेला आले तेव्हा लाइट गेलेली, डबा विझलेला. त्यांना वाटलं, बंद आहे तर नीट मन लावून करावी. त्यांनी तार डब्यातून काढली आणि कोयत्याच्या धारेला लावतात तसं तिच्या टोकाला कुंकू लावलं. नमस्कार केला. तार परत खोचली. लाइट नंतर आली, तेव्हा ते घरी गेलते.

"केसापरीस बारीक उजेड हाय त्यो," ते म्हणाले. "आन् म्या त्याच्यात कुंकू भरलं. माज्या हातानं. माज्या लेकीच्या टायमाला."

मावशी म्हणाल्या, "रडू नगासा. काडा आता."

आबांनी तार ओढून काढली. टोक लालभडक. त्यांचा हात सवयीने खिशातल्या पात्याकडे गेला, तिथेच थांबला आणि रिकामा परत आला. "खरवडायचं न्हाई," ते स्वतःलाच म्हणाले. "शिस्टर, सुई द्यायच्या आदी तुमी काय लावता?"

स्पिरिट! मी बाटली दिली. त्यांनी चष्म्याचं मऊ फडकं भिजवून टोक एकाच दिशेने पुसलं, बाळाचं नाक पुसावं इतक्या हलक्या हाताने. खोचलं. लाल. पुन्हा काढलं. "भोकात बी गेलं आसंल," म्हणाले. मी सुई न लावलेली कोरी सिरिंज दिली, तिने त्यांनी डब्याच्या भोकात हवा मारली. उजेडात लाल धूळ उडालेली दिसली. पुन्हा स्पिरिट, पुन्हा पुसणं. खोचलं. दिवा लाल राहिला, लुकलुकला, आणि हिरवा झाला. सव्वा वाजला होता.

आबा लगेच उठले. "आता म्या हितं थांबत न्हाई," म्हणाले आणि जावयाला घेऊन पार फाटकाजवळच्या लिंबाखाली जाऊन बसले. मी कडी लावली.

सकाळपासून आमच्याकडून कुणी जोडलं नाही म्हणून डॉक्टर मॅडम उठायच्या बेतात होत्या. सुरेखाने आधी हूं हूं केलं, मग बोलायला लागली. कधीपासून, कसं, काय रंगाचं, दुखतं कधी. मॅडमनी सोनोग्राफीचा कागद पडद्यासमोर धरायला लावला, अजून जवळ, अजून थोडा. आणखी चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "यात पिशवी काढण्यासारखं मला काही दिसत नाही. ही सूज आहे, गोळ्यांनी जाते. तुम्ही आणि नवऱ्याने, दोघांनी घ्यायच्या. पंधरा दिवसांनी इकडे प्रत्यक्ष येऊन एक तपासणी करून जा. उद्याचं ऑपरेशन करू नका."

"काढायची न्हाई?" सुरेखाने विचारलं.

"नाही."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

ती हसली आणि रडली, एकदमच. आणि पदराने तोंड पुसत नवऱ्याला सांगायला बाहेर पळाली. मी समोरचा कागद आवरायला घेतला. मावशी उठल्या. मला वाटलं, बाहेर जातायत. त्यांनी जाऊन कडी पुन्हा लावली आणि पडद्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. ब्लाउजमधून एक घडी काढली. कागद इतका जुना की घडीवर फाटत आला होता.

"मॅडम, माजा बी एक कागद बगता का? लई जुना हाय."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं नाही. "धरा," म्हणाल्या.

मावशींनी दोन्ही हातांनी धरला. मॅडम वाचत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. अंगावरून पांढरं जाणं. कंबरदुखी. सूज. पिशवी काढली. "तेव्हा वय किती होतं तुमचं?"

"सुरेखी चार वर्साची व्हती. आनखी एक व्हावं आसं मनात व्हतं. ह्यांना लई हौस." मावशींनी कागद आणखी जवळ धरला. "एवढंच इचारायचं मॅडम, माजी काढाया लागत व्हती का?"

मॅडमची नजर कागदावरून हलेना, मला वाटलं, चित्र अडकलं. मी दिव्याकडे बघितलं. हिरवाच होता.

"मावशी, तुम्हाला न तपासता मी नक्की कसं सांगू? खरं सांगू की..."

"खरंच सांगा. खोटं ऐकून झालंय."

"हाच त्रास घेऊन तुम्ही आज माझ्याकडे आला असता, तर मी आधी गोळ्या दिल्या असत्या. बहुतेक काढावी लागली नसती."

"बरं," मावशी म्हणाल्या. कागदाची जुन्याच घडीवर घडी घातली. "बरं झालं इचारलं. एवढी वर्सं कुनाला इचारावं त्येच कळत न्हवतं."

पडदा बंद झाला. मला रडू आलं होतं आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच स्पिरिटच्या बाटलीचं झाकण आवळत होते. मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शिस्टर, ह्यांना सांगू नगा. त्या कागदावर सई ह्यांची हाय. डॉक्टर म्हनले, म्हनून केली. त्यांना तरी कुनाला इचारायला व्हतं?"

मी मान हलवली. ते असेपर्यंत मी कधी बोलले नाही.

मावशींनी कडी काढली. आबा लिंबाखालून उठून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आले होते. लेकीचं ऐकून चेहरा फुललेला, पण सकाळपासूनची शरम अजून डोळ्यांत होतीच.

"तुमाला एवढा टाइम कावून लागला?" त्यांनी बायकोला विचारलं. "आनखी काय म्हनल्या मॅडम?"

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लाइन लई साफ हाय म्हनल्या. समदं दिसतंय म्हनल्या."

"आसं म्हनल्या?"

"व्हय की. दोनदा म्हनल्या."

आबा माझ्याकडे वळले. "हो आबा," मी म्हणाले, "म्हणाल्या." त्यांनी जावयाला हाक मारली, ते वाक्य त्याला सांगितलं, मग आशाताईंना सांगितलं, आणि मग पारावर पत्ते खेळणाऱ्यांना सांगायला निघाले. मावशी त्यांच्या मागून, पदराआड कागद छातीशी धरून, सावकाश चालत गेल्या.